टेलिफोन ऑपरेटरच्या हेडसेटपासून बिनतारी इअरबडपर्यंत : दूरस्थ कामकाजातील संभाषण-साधनाच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

२५ मार्च २०२० पासून भारतात देशव्यापी टाळेबंदी लागू झाली आणि कार्यालय, न्यायालय, बँक व महाविद्यालय यांचे बरेचसे कामकाज अल्पावधीत घराघरांत स्थलांतरित झाले. या स्थलांतराचा विचार करताना संगणक, इंटरनेट आणि सभा घडवून आणणाऱ्या संगणक-प्रणाली यांची पुष्कळ चर्चा झाली. मात्र बोलणाऱ्याचे तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान यांना जोडणाऱ्या एका लहानशा साधनाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. हे साधन म्हणजे कानात बसविण्याचा बिनतारी इअरबड होय. आज प्राध्यापकांची व्याख्याने, अभ्यास मंडळाच्या बैठका, मौखिक परीक्षा, मुलाखती व चर्चासत्रे यांपैकी अनेक गोष्टी या साधनाच्या आधारे पार पडतात. त्याची निवड बहुधा किंमत, जाहिरात आणि गाणी ऐकताना आलेला अनुभव या तीन गोष्टींवर केली जाते. तरीही 'आवाज तुटतो', 'सर, शब्द कळत नाहीत', 'मागे फार गोंगाट आहे' या तक्रारी थांबलेल्या नाहीत.

या तक्रारींचे मूळ केवळ साधनाच्या स्वस्तपणात नसून त्याच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. कानावर वा कानात घालावयाच्या साधनांच्या दोन स्वतंत्र परंपरा आहेत. एक परंपरा बोलणाऱ्याच्या कामाची असून तिची कसोटी 'पलीकडच्या माणसाला स्पष्ट ऐकू येते काय' ही आहे. दुसरी परंपरा ऐकणाऱ्याच्या रंजनाची असून तिची कसोटी 'मला चांगले ऐकू येते काय' ही आहे. बिनतारी इअरबड हे प्रामुख्याने दुसऱ्या परंपरेचे अपत्य आहे. २०२० नंतर मात्र त्याच्यावर पहिल्या परंपरेचे काम सोपविले गेले. निवडीतील गोंधळ या अदलाबदलीतून निर्माण झाला आहे.

निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) संभाषण-साधनाच्या दोन्ही परंपरांचा कालानुक्रमे आढावा घेणे, २) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, दूरध्वनी-आधारित कामाच्या संदर्भात या साधनाचे स्थान तपासणे, ३) साधन निवडण्याचा अधिकार आणि खर्च संस्थेकडून व्यक्तीकडे कसा सरकला हे पाहणे, ४) इतिहासाच्या आधारे निवडीचे निकष मांडणे. यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

बोलण्याची परंपरा : ऑपरेटरचा हेडसेट

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना ७ मार्च १८७६ रोजी टेलिफोनचे पेटंट मिळाले. सुरुवातीच्या उपकरणात बोलण्याचा आणि ऐकण्याचा भाग वेगळा नव्हता. एकच नळी आळीपाळीने तोंडाशी आणि कानाशी न्यावी लागे. पुढे एडिसन प्रभृतींच्या कार्बन ट्रान्समीटरमुळे बोलण्याचा भाग स्वतंत्र व अधिक प्रभावी झाला. तोंड आणि कान यांच्यासाठी दोन वेगळी साधने झाली आणि ती दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर कशी बसवायची, हा प्रश्न निर्माण झाला.

हा प्रश्न ग्राहकाच्या घरी नव्हे, तर दूरध्वनी केंद्रात तीव्रतेने जाणवला. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे व्यापारी स्वरूपाचे पहिले दूरध्वनी केंद्र सुरू झाले. अशा केंद्रातील ऑपरेटरला एकाच वेळी ग्राहकाचे बोलणे ऐकावे लागे, त्याला उत्तर द्यावे लागे आणि दोन्ही हातांनी तारांची जोडणी करावी लागे. हात मोकळे ठेवणारे साधन ही त्या कामाची मूलभूत गरज होती. १८८० च्या दशकात एझ्रा गिलिलँड यांनी तयार केलेले साधन खांद्यावर पेलावे लागत असे. त्यानंतरच्या काळात छातीवर टांगलेला कर्ण्याच्या आकाराचा ट्रान्समीटर आणि डोक्यावरील पट्टीला लावलेला एका कानाचा रिसीव्हर ही रचना रूढ झाली. दोनच कानांपैकी एक कान मोकळा ठेवण्यामागे कारण होते. पर्यवेक्षकाची सूचना आणि शेजारच्या ऑपरेटरचे बोलणे तिला ऐकू येणे आवश्यक होते.

१ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन येथे एमा नट या पहिल्या स्त्री टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या. त्यापूर्वी हे काम तारखात्याच्या धर्तीवर मुलांकडे होते आणि त्यांच्या उद्धटपणाविषयी ग्राहकांच्या तक्रारी होत्या. स्त्रियांच्या आवाजातील सौम्यता व स्पष्टता यांमुळे हा व्यवसाय लवकरच स्त्रियांचा झाला. आवाज हेच येथे श्रमाचे साधन होते. त्यामुळे बोलण्याची पद्धत, शब्दयोजना आणि बसण्याची ढब यांवर कंपनीचे नियंत्रण आले. हेडसेट हा या शिस्तीचा दृश्य भाग होता. पर्यवेक्षकाला कोणत्याही ऑपरेटरचे संभाषण मध्येच ऐकता येत असे. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंड भागातील ऑपरेटर स्त्रियांनी वेतनवाढ आणि सामुदायिक वाटाघाटींचा हक्क यांसाठी संप केला व काही दिवस त्या प्रदेशातील दूरध्वनी व्यवहार ठप्प केला. कानाला यंत्र लावून काम करणारी व्यक्ती यंत्राचा भाग नसून कामगार आहे, ही गोष्ट या संपाने सार्वजनिकरीत्या अधोरेखित केली.

साधनाच्या रचनेतील पुढचा टप्पा विमानचालनाने गाठला. वैमानिकाच्या डोक्यावरील जड हेडफोनला पर्याय म्हणून १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात प्लँट्रॉनिक्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिने हलका, एका कानाला लागणारा, तोंडाजवळ नळी आणणारा हेडसेट तयार केला. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग यांचे चंद्रावरील शब्द याच कंपनीच्या साधनातून पृथ्वीवर पोहोचले. या संपूर्ण परंपरेत एक सूत्र अखंड दिसते. छातीवरचा कर्णा असो वा गालाजवळची बारीक दांडी असो, माइक तोंडाच्या शक्य तितका जवळ राहील, याची दक्षता प्रत्येक पिढीने घेतली.

ऐकण्याची परंपरा : रंगभूमीपासून वॉकमनपर्यंत

दुसऱ्या परंपरेचा उगमही एकोणिसाव्या शतकातच आहे. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी रंगमंचावरील गायन दूरध्वनीच्या तारांतून प्रेक्षकांना ऐकविले. दोन कानांना दोन वेगवेगळ्या तारांतून आवाज दिल्यामुळे गायक रंगमंचावर कोठे आहे, याचा भास होत असे. याच कल्पनेवर पॅरिसमध्ये १८९० पासून 'थिएट्रोफोन' आणि लंडनमध्ये १८९५ पासून 'इलेक्ट्रोफोन' या वर्गणी भरून घेण्याच्या सेवा चालल्या. येथे ग्राहकाने काही बोलायचे नव्हते, केवळ ऐकायचे होते. म्हणून साधनाला माइकची गरजच नव्हती.

कानाच्या आत बसणाऱ्या साधनाची कल्पनाही अर्वाचीन नाही. फ्रेंच अभियंते अर्नेस्ट मर्काडिए यांनी १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या साधनाचे वजन पावणेदोन औंसांहून कमी होते. कानाच्या तोंडाशी घट्ट बसावे आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये, यासाठी त्याला रबरी आवरण होते. आजच्या इअरबडच्या टोकाला असणारी मऊ टोपी ही त्या विचाराची थेट वारस म्हणावी लागेल. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील युटा येथील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी बनविलेले हेडफोन तेथील नौदलाने स्वीकारले आणि पुढे रेडिओच्या प्रसाराबरोबर हेडफोन घरांत पोहोचला.

१९५८ मध्ये जॉन कॉस यांनी संगीतश्रवणासाठी स्टीरिओ हेडफोन बाजारात आणला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीच्या वॉकमनची विक्री सुरू झाली. वॉकमनमुळे हेडफोन घराबाहेर पडला आणि भोवतीच्या गर्दीपासून स्वतःला वेगळे करण्याचे ते साधन झाले. ऑपरेटरच्या हेडसेटने माणसाला इतरांशी जोडले होते. वॉकमनच्या हेडफोनने त्याला स्वतःपुरते वेगळे केले. दोन्ही साधने दिसायला सारखी असली तरी त्यांचे सामाजिक कार्य परस्परविरोधी होते.

गोंगाट नष्ट करण्याच्या तंत्राचा इतिहासही याच परंपरेशी निगडित आहे. ध्वनिलहरीच्या विरुद्ध लहर निर्माण करून मूळ आवाज दाबता येतो, या तत्त्वावर जर्मनीतील पाउल ल्यूग यांना १९३६ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले. १९७८ मध्ये विमानप्रवासात इंजिनाच्या आवाजामुळे संगीत नीट ऐकू येईना, तेव्हा अमर बोस यांनी या समस्येवर काम करण्यास आरंभ केला. त्यांचे वडील बंगालमधील स्वातंत्र्यसैनिक होते व ब्रिटिश राजवटीमुळे त्यांना अमेरिकेत आश्रय घ्यावा लागला होता. १९८९ मध्ये बोस यांच्या कंपनीने वैमानिकांसाठी असा हेडसेट बाजारात आणला. हे तंत्र ऐकणाऱ्याच्या कानातील गोंगाट कमी करते; बोलणाऱ्याच्या माइकमध्ये शिरणारा गोंगाट ते कमी करीत नाही, हा भेद पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

भारतीय संदर्भ : केंद्रापासून कॉल सेंटरपर्यंत

२८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. मुंबईच्या व्यापारी जीवनात टेलिफोनचे स्थान तेव्हापासूनचे आहे. मुंबईतील खासगी कंपनीकडची दूरध्वनी सेवा १९४३ मध्ये सरकारने ताब्यात घेतली आणि १९८६ मध्ये ती महानगर टेलिफोन निगमकडे आली. बाहेरगावी बोलण्यासाठी 'ट्रंक कॉल' नोंदवून तासन्‌तास वाट पाहणे हा मराठी मध्यमवर्गाचा दीर्घकाळचा अनुभव होता. त्या काळी दोन शहरांतील संभाषण ऑपरेटरच्या कान-तोंडातून जात असे. १९६० मध्ये लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान ऑपरेटरविना थेट बाहेरगावी बोलण्याची सोय सुरू झाली आणि क्रमाक्रमाने ऑपरेटरचे महत्त्व कमी होत गेले.

ऑपरेटर जवळजवळ लोप पावत असतानाच हेडसेट मात्र नव्या रूपात परतला. १९९९ चे दूरसंचार धोरण आणि २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरध्वनी क्षेत्रातील मक्तेदारीचा शेवट यांमुळे पुणे, मुंबई, ठाणे व नवी मुंबई परिसरांत कॉल सेंटरचा व्यवसाय वाढला. परदेशी ग्राहकाशी रात्रपाळीत बोलणारा तरुण कर्मचारी हा शंभर वर्षांपूर्वीच्या ऑपरेटरचाच उत्तराधिकारी होता. आवाजाचे प्रशिक्षण, ठरावीक वाक्ये, संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि पर्यवेक्षकाचे मध्येच ऐकणे या सर्व बाबी जुन्याच होत्या. हेडसेट कंपनीचा असे आणि तो कसा असावा, हे कंपनी ठरवीत असे. अशा ठिकाणी तोंडाजवळ दांडी असलेलाच हेडसेट वापरला जाई, कारण एका दालनात शेकडो माणसे एकाच वेळी बोलत असताना पलीकडच्या ग्राहकाला फक्त एकाचाच आवाज जाणे आवश्यक होते.

हा व्यवसाय घरून करण्यावर दूरसंचार विभागाच्या जाचक अटी होत्या. १३ मार्च २०२० रोजी त्या तात्पुरत्या शिथिल करण्यात आल्या आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी त्यांतील अनेक अटी काढून टाकण्यात आल्या. अशा रीतीने कॉल सेंटरचे दालन कर्मचाऱ्याच्या राहत्या खोलीत आले.

तार तुटली : ब्लूटूथ आणि दोन परंपरांचा संगम

१९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत अल्प अंतरावरील बिनतारी जोडणीचे काम सुरू झाले. याप हार्टसन हे त्यातील प्रमुख अभियंते होत. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी एकत्र येऊन समान मानकासाठी गट स्थापन केला. दहाव्या शतकातील डॅनिश राजा हॅराल्ड याच्या उपनावावरून या तंत्राला 'ब्लूटूथ' हे नाव मिळाले. २.४ गिगाहर्ट्झच्या मुक्त पट्ट्यात ७९ मार्गिकांवरून सेकंदाला १६०० वेळा उडी मारीत संदेश पाठविण्याची पद्धत त्यात अवलंबिली गेली. याच पट्ट्यात घरचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह भट्टीही काम करीत असल्याने दाट वस्तीच्या इमारतीत आवाज तुटण्याचे एक कारण येथे सापडते.

ब्लूटूथचे पहिले हेडसेट २००० च्या सुमारास आले व ते बोलण्यासाठीच होते. मोटार चालविताना हात मोकळे राहावेत, हा त्यांचा एक प्रमुख उपयोग होता. एका कानाला लावलेला, गालाकडे झुकलेला हा हेडसेट ऑपरेटरच्या परंपरेतील होता. संगीतासाठीची स्टीरिओ पद्धत नंतर स्वतंत्रपणे विकसित झाली. म्हणजेच एकाच तंत्रात बोलण्यासाठी एक आणि संगीतासाठी दुसरी, अशा दोन वेगळ्या वाटा राहिल्या. संगीताची वाट एकाच दिशेने, म्हणजे फोनकडून कानाकडे जाते. माइक सुरू होताच साधनाला संभाषणाच्या वाटेवर यावे लागते आणि त्या वाटेची क्षमता बरीच कमी असते. गाणे ऐकताना उत्तम वाटणारा इअरबड सभा सुरू होताच जुन्या टेलिफोनसारखा का वाटतो, याचे उत्तर या दुहेरी रचनेत आहे.

ही क्षमता भाषेच्या दृष्टीनेही पाहावी लागते. पारंपरिक टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज नेत असे आणि ब्लूटूथच्या संभाषणाची आरंभीची पद्धतही सेकंदाला ८००० नमुने घेणारी, म्हणजे जवळपास त्याच मर्यादेतील होती. २०११ मध्ये मानकात सुधारणा होऊन १६००० नमुन्यांची विस्तृत पद्धत उपलब्ध झाली. 'स' या वर्णाच्या ध्वनिऊर्जेचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या पुढे असतो. अरुंद पट्ट्यात तो गळून पडतो आणि 'साल' व 'शाल' यांतील फरक संदर्भावरून ओळखावा लागतो. मराठीतील दंत्य आणि तालव्य 'च'चा भेदही अशाच उच्च वारंवारतेवर अवलंबून आहे. दैनंदिन बोलण्यात संदर्भ साहाय्य करतो. परंतु व्याकरण, भाषाशास्त्र वा संस्कृत शिकविणाऱ्या अध्यापकाच्या विद्यार्थ्याला तो आधार मिळतोच असे नाही. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या 'एलई ऑडिओ' या नव्या मानकाने संभाषणाची गुणवत्ता वाढविण्याचा मार्ग खुला केला आहे. मात्र इअरबड, फोन आणि संगणक या तिघांनाही ते मानक समजत असेल तरच त्याचा लाभ मिळतो.

दोन्ही कानांतील साधनांना जोडणारी तारही काढून टाकणारे इअरबड २०१४-१५ पासून दिसू लागले. ७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढून टाकले आणि त्याच दिवशी एअरपॉड्स जाहीर केले. भारतात त्यांची किंमत १५,४०० रुपये होती. त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी दोन हजार रुपयांच्या आतील इअरबड भारतात आणले आणि हे साधन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. २०२० मध्ये दूरस्थ कामकाज सुरू झाले, तेव्हा बहुतेकांच्या हाती आधीच असलेले वा सहज मिळणारे साधन हेच होते. झूम या सभा-प्रणालीतील दैनिक सहभागांची संख्या डिसेंबर २०१९ मध्ये सुमारे एक कोटी होती, ती एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेली. या प्रचंड बदलाच्या वेळी रंजनाच्या परंपरेतील साधन कामाच्या परंपरेत ओढले गेले.

उद्योगाच्या वाटचालीतही या दोन परंपरांमधील ताण दिसतो. १८६९ मध्ये तारायंत्राची कंपनी म्हणून स्थापन झालेल्या डेन्मार्कमधील ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या वारशातील जब्रा या नाममुद्रेने कार्यालयीन हेडसेट आणि ग्राहकोपयोगी इअरबड असा दोन्ही क्षेत्रांत संचार केला. परंतु जून २०२४ मध्ये तिने ग्राहकोपयोगी इअरबडची मालिका बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. प्लँट्रॉनिक्स पॉलिकॉम या कंपनीशी एकत्र येऊन २०१९ मध्ये 'पॉली' झाली आणि २०२२ मध्ये एचपी या संगणक कंपनीत विलीन झाली.

माइकचे अंतर आणि गोंगाटाचा प्रश्न

इअरबडची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या जागेतच आहे. दांडीच्या हेडसेटमध्ये माइक ओठांपासून साधारण तीन सेंटिमीटरवर आणता येतो. इअरबडचा माइक कानापाशी, सुमारे बारा सेंटिमीटर दूर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सहा डेसिबलने घटते. या हिशेबाने अंतर चौपट होताच बोलणाऱ्याचा आवाज बारा डेसिबलने क्षीण होतो, परंतु खोलीतील पंखा, प्रेशर कुकरची शिट्टी किंवा शेजारच्या बांधकामाचा आवाज तेवढाच राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी उत्पादक एकापेक्षा अधिक माइक बसवितात, हाडांतून येणारे कंपन टिपतात आणि संगणकीय प्रक्रियेने गोंगाट वेगळा काढतात. यातील उत्तम साधने उल्लेखनीय यश मिळवितात. स्वस्त साधनांत मात्र गोंगाटाबरोबर शब्दांचे शेवटही कापले जातात, व्यंजने बोथट होतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

जाहिरातीतील परिभाषेमुळे येथे विशेष गोंधळ होतो. 'एएनसी' या अक्षरांनी दर्शविलेली सोय वापरणाऱ्याच्या कानातील गोंगाट कमी करते. 'ईएनसी' या अक्षरांनी दर्शविलेली सोय पलीकडे जाणाऱ्या आवाजातील गोंगाट कमी करण्यासाठी असते. खरेदीदार पहिल्या सोयीसाठी अधिक किंमत मोजतो आणि दुसरीची अपेक्षा करतो. शिवाय पहिली सोयही पंखा किंवा विमानाचे इंजिन अशा संथ, सलग आवाजावर चांगली चालते. माणसांचे बोलणे व अचानक येणारे आवाज यांवर तिचा प्रभाव कमी पडतो.

या तंत्राचा एक अप्रत्यक्ष परिणामही लक्षात घ्यावा लागतो. जुन्या टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज रिसीव्हरमधून थोडासा ऐकू येई व त्यावरून तो आपली पट्टी राखीत असे. दोन्ही कान घट्ट बंद करणाऱ्या इअरबडमध्ये ही सोय नसेल, तर माणूस नकळत मोठ्याने बोलतो. तासभराच्या व्याख्यानानंतर अध्यापकाचा घसा बसण्यामागे हे एक कारण संभवते. ऑपरेटरचा एक कान मोकळा ठेवणारी एकोणिसाव्या शतकातील रचना या दृष्टीने अधिक शहाणपणाची होती. आजही एकच इअरबड वापरणे किंवा बाहेरचा आवाज आत घेणारी सोय सुरू ठेवणे हा त्याच शहाणपणाचा अवलंब ठरतो.

निवडीचा अधिकार, खर्च आणि आरोग्य

ऑपरेटरचा हेडसेट कंपनीने निवडला होता आणि त्याचा खर्चही कंपनीनेच केला होता. त्यात कामगाराला स्वातंत्र्य नव्हते, परंतु साधन कामाच्या निकषावर निवडले जात असे. दूरस्थ कामकाजात निवडीचे स्वातंत्र्य व्यक्तीकडे आले आणि त्याबरोबर खर्च, देखभाल व चुकीच्या निवडीचे परिणामही तिच्याकडे आले. खासगी वेळ आणि कामाची वेळ यांतील सीमाही पुसट झाली, कारण सकाळी गाणे ऐकविणारे साधनच दुपारी वरिष्ठांचा आवाज कानात आणते. ज्यांना स्वतंत्र खोली आहे त्यांना साधे साधनही पुरते. एक-दोन खोल्यांच्या घरात चार माणसांमध्ये बसून शिकविणाऱ्याला वा शिकणाऱ्याला उत्तम माइकची गरज अधिक असते, पण त्याची ऐपत बहुधा कमी असते. साधनाच्या निवडीत दडलेली ही विषमता शैक्षणिक संस्थांनी दुर्लक्षू नये.

आरोग्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत सुमारे अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष असू शकेल आणि शंभर कोटींहून अधिक तरुण असुरक्षित श्रवणामुळे धोक्यात आहेत. प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. पलीकडचा आवाज अस्पष्ट असला की ऐकणारा पातळी वाढवितो. म्हणजे एकाच्या वाईट माइकची किंमत दुसऱ्याचा कान मोजतो.

इअरबडमधील लिथियम-आयन घट अत्यंत लहान असतो. रोज अनेक तासांच्या वापराने त्याची क्षमता घटते आणि बहुतेक साधनांत तो बदलता येत नाही. ऑपरेटरचा हेडसेट दुरुस्त होत असे. इअरबड बहुधा टाकून द्यावा लागतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली असली, तरी एवढी लहान वस्तू अधिकृत संकलनापर्यंत पोहोचविण्याची सवय समाजात रुजावयाची आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) बिनतारी इअरबडमध्ये बोलण्याची आणि ऐकण्याची अशा दोन परंपरा एकत्र आल्या असल्या, तरी त्याची घडण मुख्यतः ऐकण्याच्या परंपरेतील आहे. म्हणून संगीताच्या अनुभवावरून कामासाठी त्याची निवड करणे सदोष ठरते.

२) कामाच्या साधनाची परीक्षा पलीकडच्या माणसाच्या कानाने व्हावयास हवी. खरेदीनंतर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, नेहमीच्या खोलीत, पंखा सुरू ठेवून, ज्या संगणकावर काम करावयाचे त्याच संगणकावर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकणे हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग होय. फोनवर चांगला चालणारा इअरबड संगणकावर तसाच चालेल, असे गृहीत धरू नये.

३) निवडीचा क्रम माइकची गुणवत्ता, कानात बसण्याची सोय व एकाच कानात वापरण्याची मुभा, संगणक व फोन या दोहोंशी एकाच वेळी जोडणी, सलग बोलण्याचा कालावधी आणि त्यानंतर संगीताची गुणवत्ता असा असावा. कानातील गोंगाट कमी करणारी सोय उपयुक्त आहे, पण ती माइकला पर्याय नाही.

४) दिवसातून तीन-चार तास अध्यापन करणाऱ्यास दांडीच्या माइकचा साधा हेडसेट, तो तारेचा असला तरी, महागड्या इअरबडपेक्षा अधिक उपयोगी पडू शकतो. तार असल्याने विलंब, हस्तक्षेप आणि घटाचे आयुष्य हे तीनही प्रश्न उरत नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. बिनतारी जोडणी या मर्यादेचा काही भाग खर्च करते.

५) साधन हे कामाचे असेल तर त्याच्या खर्चाचा व दर्जाचा विचार संस्थेनेही करणे न्याय्य आहे. ग्रंथालयातून पुस्तक मिळते त्याप्रमाणे मौखिक परीक्षेसाठी वा दूरस्थ व्याख्यानासाठी योग्य हेडसेट उपलब्ध करून देणे महाविद्यालयांना अशक्य नाही.

१८७८ मधील ऑपरेटरपुढे असलेला प्रश्न आणि आजच्या अध्यापकापुढील प्रश्न यांत तत्त्वतः अंतर नाही. हात मोकळे राहावेत, आवाज स्पष्ट पोहोचावा आणि दिवसअखेर कान व घसा शाबूत असावा, एवढीच दोघांची अपेक्षा आहे. दीडशे वर्षांत साधन खांद्यावरून उतरून कानाच्या पाळीत मावले. परंतु आपले बोलणे दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचविण्याची जबाबदारी तेव्हाप्रमाणे आजही बोलणाऱ्याचीच आहे.